स्कोअरबोर्डवर न दिसणारा खेळाडू : जखमी ‘सेंटर’ मैदानाबाहेर बसला की संघाचं काय होतं?

शालेय आणि कनिष्ठ महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या मैदानांवर गर्दी दिसू लागते. कबड्डी, क्रिकेट, व्हॉलीबॉल तर घरोघरी माहीत आहेत. बास्केटबॉल मात्र आपल्या वस्त्यांमध्ये अजून थोडा अनोळखी खेळ आहे. म्हणूनच या खेळातल्या एका खेळाडूबद्दल लिहायचं ठरवलं. त्याचं नाव बातमीत क्वचितच येतं, आणि त्याची किंमत तो जखमी होऊन बाहेर बसल्यावरच कळते. हा धडा आम्हीही उशिराच शिकलो.

मागच्या हंगामात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातल्या सर्वांत उंच मुलाचा गुडघा सरावात दुखावला. उडी मारून खाली आला, पाय वेडावाकडा पडला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. जिल्हास्तरीय सामना आठ दिवसांवर होता. संघातली मुलं आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, टेन्शन नका घेऊ. तो तर मॅचमध्ये चार-सहा पॉइंटच करतो. त्याच्याशिवाय चालून जाईल.” खरं सांगायचं तर आम्हीही मान डोलावली.

दोन दिवसांनी गावातल्या मोठ्या मुलांच्या संघाशी सरावाचा सामना ठेवला. आमची मुलं नेहमीइतकेच बास्केट करत होती. पण समोरचा संघ आमच्या बास्केटखाली असा शिरत होता जणू दार उघडंच आहे. वीस मिनिटांत सगळ्यांना कळून चुकलं की गेलेला मुलगा चार-सहा गुणांचा नव्हता. तो दाराची कडी होता.

सेंटर म्हणजे नेमकं काय काम?

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर. सेंटर बहुधा सर्वांत उंच असतो आणि बास्केटच्या जवळ खेळतो. बास्केटची कडी जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवर असते. जवळून मारलेला चेंडू आत जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून प्रत्येक संघाला विरोधकांच्या बास्केटखाली शिरायचं असतं. त्या जागेची राखण करणं हे सेंटरचं पहिलं काम.

राखण चार प्रकारे होते. पहिला प्रकार ब्लॉक, म्हणजे समोरच्याने मारलेला चेंडू हवेतच अडवणं. चेंडू वर जात असतानाच तो अडवावा लागतो. कडीकडे खाली येऊ लागलेल्या चेंडूला हात लावला तर पंच ते बास्केट झालं असं धरतात. म्हणून नुसती उंची पुरत नाही, वेळ साधावी लागते. दुसरा प्रकार रिबाउंड. हुकलेला शॉट कडीवर आपटून परत येतो, तो झेलला नाही तर विरोधकांना दुसरी संधी मिळते. तिसरा प्रकार मदत. गार्डला चकवून कुणी आत आला तर सेंटर आपला माणूस क्षणभर सोडून त्याच्या आडवा येतो. चौथा प्रकार आवाज. सेंटर मागे उभा असतो, त्याला सगळं मैदान दिसतं. “डावीकडून येतोय”, “मागे बघ” असं तो सतत सांगत असतो.

या चारपैकी ब्लॉक आणि रिबाउंड वहीत लिहिले जातात. उरलेल्या दोन गोष्टी कुणी लिहीत नाही. शिवाय एक पाचवी गोष्ट आहे, ती तर दिसतही नाही. उंच सेंटर उभा दिसला की समोरचा मुलगा आत यायचंच टाळतो. लांबून घाईत चेंडू फेकतो आणि तो हुकतो. हुकलेला शॉट त्या मुलाच्या नावावर जमा होतो, हुकवणाऱ्याच्या नावावर काहीच जमा होत नाही.

कबड्डी पाहणाऱ्यांना हे लगेच समजेल. पकडीचा गुण घोटा धरणाऱ्या कोपऱ्यावाल्याच्या नावावर पडतो. पण चढाईपटूची परतीची वाट बंद करून त्याला कोपऱ्याकडे ढकलणारा कव्हरचा खेळाडू टाळ्यांशिवायच राहतो. आपल्या घरातही असंच एखादं माणूस असतंच की. ते दोन दिवस आजारी पडलं की सगळं घर विस्कटतं.

नर्लेन्स नोएल : दोन गुण, बारा ब्लॉक

कॉलेज बास्केटबॉलचं सर्वांत मोठं विश्व अमेरिकेत आहे. तिथलं केंटकी विद्यापीठ २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेतं ठरलं होतं. पुढच्या हंगामात त्यांच्याकडे नर्लेन्स नोएल नावाचा नवा सेंटर आला. सामन्यामागे त्याची गुणांची सरासरी जेमतेम साडेदहा होती, म्हणजे डोळे दिपवणारी नव्हती. पण २४ सामन्यांत त्याने १०६ शॉट ब्लॉक केले. सामन्याला सरासरी ४.४.

२९ जानेवारी २०१३ रोजी मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध त्याने फक्त २ गुण केले आणि १२ ब्लॉक केले. तो केंटकी विद्यापीठाचा विक्रम ठरला. केंटकीने तो सामना जिंकला. नुसता गुणांचा तक्ता पाहणारा म्हणेल की या पोराने काही केलंच नाही.

दोन आठवड्यांनी, १२ फेब्रुवारी २०१३ रोजी, फ्लोरिडाविरुद्ध संघ मागे पडलेला असताना विरोधी खेळाडू चेंडू घेऊन सुटला. नोएल मागून धावत आला, त्याने शॉट अडवला, पण त्या वेगात तो बास्केटच्या खांबाशी धडकला आणि डाव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. हंगाम तिथेच संपला. चारच दिवसांनी टेनेसीने केंटकीला ८८-५८ असं हरवलं, तब्बल ३० गुणांनी. नोएल खेळत होता तोपर्यंत संघाचे १७ विजय आणि ७ पराभव होते. त्याच्यानंतर ४ विजय आणि ५ पराभव. आदल्या वर्षीच्या विजेत्यांना त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत जागाच मिळाली नाही. दुय्यम स्पर्धेतही रॉबर्ट मॉरिस या लहान विद्यापीठाने त्यांना पहिल्याच फेरीत ५९-५७ असं बाहेर काढलं.

इतकं होऊनही त्याच्या भागातल्या विद्यापीठांच्या गटाने, साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून नोएललाच निवडलं. बाहेर बसलेल्या खेळाडूची किंमत निवडणाऱ्यांनी ओळखली होती.

करीम अब्दुल-जब्बार : नोंदच नसलेला बचाव

आपल्या वाचकांना ओळखीचं वाटेल असं दुसरं उदाहरण करीम अब्दुल-जब्बार यांचं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा ७ फूट २ इंच उंचीचा सेंटर कॉलेजात असताना ल्यू अल्सिंडर या नावाने खेळत होता. १९६८ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि १९७१ पासून ते करीम अब्दुल-जब्बार या नावाने खेळू लागले. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्यांनी १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

जानेवारी १९६८ मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचं बोट लागून त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा उठला. डोळ्यावर पट्टी बांधून दिवस काढावे लागले, दोन सामने हुकले. आठवडाभरातच ह्यूस्टन विद्यापीठाशी गाजावाजा झालेला सामना होता. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ५२ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. अल्सिंडर पूर्ण बरे झालेले नसताना उतरले. १८ शॉटपैकी फक्त ४ आत गेले. समोरचा एल्विन हेज मोकाट सुटला, त्याने ३९ गुण केले. यूसीएलए ७१-६९ असा हरला आणि त्यांची सलग ४७ विजयांची मालिका तुटली.

दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, हेच दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोरासमोर आले. या वेळी अल्सिंडर तंदुरुस्त होते. प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या संघाने हेजवर एक खेळाडू चिकटून ठेवला, बाकीच्या चौघांनी जागा राखल्या आणि बास्केटखाली अल्सिंडर उभे होते. हेजला फक्त १० गुण करता आले. यूसीएलए १०१-६९ असा, ३२ गुणांनी जिंकला. तोच खेळाडू, तोच विरोधी संघ. फरक पडला तो बऱ्या झालेल्या डोळ्यांचा आणि वाटून घेतलेल्या बचावाचा.

आता गंमत बघा. अल्सिंडर यांनी कॉलेजात किती शॉट ब्लॉक केले याची अधिकृत नोंदच नाही, कारण तिथल्या कॉलेज स्पर्धांमध्ये ब्लॉक अधिकृतपणे मोजायला १९८५-८६ च्या हंगामात सुरुवात झाली. व्यावसायिक एनबीए लीगमध्येही ब्लॉक १९७३-७४ पासून मोजले जाऊ लागले. त्याआधी ते चार हंगाम खेळून झाले होते. तरीही एनबीएत त्यांच्या नावावर ३,१८९ ब्लॉक आहेत. सर्वाधिक ३,८३० ब्लॉक आहेत हकीम ओलाजुवान यांच्या नावावर. तेही सेंटरच. नायजेरियातून अमेरिकेत आलेले ओलाजुवान रमजानचे रोजे ठेवून सामने खेळण्यासाठीही ओळखले जातात.

म्हणजे या खेळातला जगप्रसिद्ध माणूससुद्धा वर्षानुवर्षं असं काम करत राहिला जे कुणी मोजतच नव्हतं. मग आपल्या गावातल्या मैदानावरच्या मुलाचं काम कोण मोजणार?

आपल्या मातीतलं उदाहरण : अस्लम इनामदार

बास्केटबॉलमध्ये असं ठळक उदाहरण आपल्याकडे पटकन सापडत नाही, पण कबड्डीत आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. हांगझू आशियाई स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ मध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. त्याच्या कर्णधारपदाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. तो मुळात चढाईपटू असला तरी पकडीतही उतरतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी संघाला धरून ठेवतो.

पुढच्याच हंगामात, २०२४ च्या अखेरीस, त्याचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या सामन्यांतून बाहेर गेला. गतविजेता पुणेरी संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. सगळं खापर एका दुखापतीवर फोडता येणार नाही. आदल्या हंगामातला त्यांचा भक्कम इराणी बचावपटू मोहम्मदरझा शादलूही तेव्हा हरियाणाकडे गेला होता आणि हरियाणाच त्या वर्षी विजेता झाला. बचावाची किंमत यातूनही दिसते. महत्त्वाची गोष्ट अशी की अस्लमला जखमी अवस्थेत रेटलं गेलं नाही. तो बरा झाला, २०२५ च्या हंगामात पुन्हा कर्णधार झाला आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तिथे दबंग दिल्लीने ३१-२८ असं हरवलं, पण अस्लम परत मैदानात आला होता, हे आमच्या दृष्टीने मोठं.

आमची चूक

आता आमच्या त्या मुलाकडे परत येऊ. सरावाच्या सामन्यात त्याची किंमत कळली, आणि तिथेच आमच्याकडून चूक झाली. किंमत कळल्याबरोबर आम्हाला तो हवासा झाला. जी मुलं “चालून जाईल” म्हणत होती तीच त्याच्या घरी जाऊन बसली. “पट्टा बांधून ये. धावू नको, फक्त बास्केटखाली उभा राहा.” आम्हीही फोनवर त्याला म्हणालो, “दहा मिनिटं तरी जमतंय का बघ.” बारावीचं वर्ष होतं, खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचाही विचार डोक्यात होता. पोरगा हो म्हणाला. सरांना नाही म्हणण्याची आपल्या मुलांना सवय कुठे असते?

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. शिवणकाम करणारा माणूस, गळ्यात टेप तसाच लटकलेला. शांतपणे म्हणाले, “सर, मॅच तुमची आहे, पाय माझ्या बेट्याचा आहे. मार्क्स गेले तर जाऊ द्या. आधी डॉक्टर दाखवतो, मग तुम्ही सांगा.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. विद्यार्थ्याचा पाय ही आमच्याकडे सोपवलेली अमानत आहे, हे एका पालकाने आम्हाला आठवण करून द्यावं लागलं.

अकोल्यात एमआरआय झाला. गुडघ्यातला लिगामेंट अर्धवट फाटला होता. हाडांचे डॉक्टर म्हणाले की सध्या ऑपरेशनची गरज नाही, पण व्यायाम करायचा आणि सहा महिने मैदान बंद. त्या अवस्थेत उडी मारून उतरला असता तर उरलेलाही तुटण्याचा धोका होता. हे ऐकून आम्हाला रात्री नीट झोप लागली नाही.

गुडघा दुखावला तर घरी काय करावं?

गुडघ्याच्या मधोमध एक मजबूत दोरीसारखा बंध असतो, त्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. वेगात दिशा बदलताना किंवा उडीवरून वाकडं उतरताना तो फाटू शकतो. दुखावताना आवाज येणं, काही तासांत सूज चढणं आणि चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणं ही त्याची लक्षणं आहेत.

अशा वेळी खेळ लगेच थांबवावा. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावावा, क्रेप बँडेज बांधावं, पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि मालिश नको. आपल्याकडे लगेच कुणीतरी पाय ‘ओढून बसवायला’ तयार असतो, त्याच्या हाती पाय देऊ नये. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे “एक्स-रे नॉर्मल आला” एवढ्यावर मुलाला मैदानात पाठवू नये. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं, त्यांनी सांगितलं तर एमआरआय करावा. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, पण लागलं तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने किंवा जास्तही लागतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात विचारून घ्यावं. फिजिओथेरपीचे व्यायाम मध्येच सोडू नयेत, अर्धं बरं होणं तिथेच अडकतं. नोएलचंच बघा. त्याला दुखापतीनंतर एनबीएत निवडलं गेलं तरी २०१३-१४ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर ठेवण्यात आलं.

सामन्याचं काय झालं?

आम्ही उरलेल्या मुलांना बसवून विचारलं, “तो काय काय करायचा ते सांगा.” फळ्यावर यादी झाली. मग एकेक काम वाटून दिलं. उंच कुणीच नव्हतं, म्हणून तिघांनी मागे आणि दोघांनी पुढे उभं राहून जागा राखायची, म्हणजे झोन डिफेन्स. शॉट सुटला की चेंडूकडे न पाहता आधी समोरच्या मुलाला पाठीने अडवायचं, मग रिबाउंडसाठी उडी. आणि आवाज? तो काम त्यालाच दिलं. कुबडी घेऊन तो बाकावर बसला आणि सगळा सामना ओरडत राहिला, “डावीकडे! मागे! हात वर!”

आम्ही दोन बास्केटने हरलो. अमरावतीची विभागीय स्पर्धा हुकली. पण सरावात जसं दार सताड उघडं पडलं होतं तसं पडलं नाही. परतीच्या गाडीत मुलांपैकी एकजण त्याला म्हणाला, “भाई, तू इतकं सगळं करत होतास, आम्हाला माहीतच नव्हतं.” तो हसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवसापासून आम्ही सामन्याच्या वहीत गुणांशेजारी चार रकाने आखले आहेत : अडवलेला शॉट, बिघडवलेला शॉट, रिबाउंड आणि दिलेली मदत. बाकावर बसलेला एक विद्यार्थी रेघा मारतो. कोणत्याही शाळेला, कोणत्याही खेळात हे करता येईल. पालकांनीही सामन्यावरून आलेल्या मुलाला “किती गोल केले, किती पॉइंट काढले?” एवढंच न विचारता “कुणाला मदत केलीस, काय वाचवलंस?” असंही विचारावं. मुलगी खेळत असेल तर तिलाही हेच विचारावं.

तो मुलगा आता बारावी झाला आहे. डॉक्टरांनी हळूहळू धावायला परवानगी दिली आहे. संध्याकाळी असरनंतर तो मैदानावर येतो, आठवी-नववीच्या मुलांना उडीवरून उतरताना गुडघे वाकवून कसं उतरायचं ते शिकवतो. स्वतः अजून उडी मारत नाही. आम्ही पण मार म्हणत नाही.